म्यूचा अतिरिक्त कार्यभार

ग्रीक वर्णमालेतल्या चोवीस अक्षरांपैकी सगळा मान एकट्या पायने लाटला आहे. त्याला स्वतंत्र दिवस आहे, १४ मार्च. त्या दिवशी शाळांच्या फळ्यांवर वर्तुळं काढली जातात, एखादी हुशार पोरगी दशांशचिन्हापुढची शंभर स्थळं न अडखळता म्हणून दाखवते, प्रमुख पाहुणे ठरल्याप्रमाणे आर्यभटापासून सुरुवात करतात आणि ठरल्यापेक्षा पाऊण तास उशिरा संपवतात. बाकीच्या अक्षरांनीही आपापली सोय लावून घेतली आहे. ओमेगाच्या नावाची घड्याळं निघाली, डेल्टाला नद्यांची मुखं मिळाली. करोनाच्या दोन वर्षांत तर डेल्टा आणि ओमिक्रॉन ही नावं आष्टीपासून समुद्रपूरपर्यंत, ग्रीस कुठे आहे याची कधी चौकशीही न केलेल्या माणसांच्या तोंडी बसली. त्याच यादीत म्यूसुद्धा होता, हे मात्र कुणाला आठवत नाही. कोलंबियात प्रथम सापडलेल्या करोना-विषाणूच्या एका प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेने ३० ऑगस्ट २०२१ रोजी म्यू असं नाव दिलं. चार दिवस बातम्या आल्या आणि मग डेल्टाच्या गर्दीत तो कुठे गेला ते कळलंही नाही. साथीच्या काळातही ज्याला नाव कमावता आलं नाही, असं हे अक्षर. तरीही माझं म्हणणं असं, की वर्धा जिल्ह्याच्या रोजच्या व्यवहारात पायचा संबंध फार तर विहिरीच्या तोंडाशी आणि पाण्याच्या टाकीशी येतो. कापसाच्या प्रतीपासून थायरॉईडच्या गोळीपर्यंत बाकीचं बरंचसं म्यू पाहतो. त्याच्या नावाची पाटी तेवढी कुठेही लागलेली नाही.

ओळख नसेल त्यांच्यासाठी सांगायचं, तर इंग्रजी यू काढावा आणि त्याच्या डाव्या काठीला खाली एक शेपूट लोंबतं सोडावं, की झाला म्यू. या लेखात तो त्याच्या खऱ्या रूपात कुठे दिसणार नाही, आणि हेही त्याच्या आजवरच्या रीतीला धरूनच आहे. नोकरीला तो लागला तोसुद्धा दुसऱ्याची जागा अडल्यामुळे. मोजमापाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत एककांना लावायचे उपसर्ग आहेत: किलो, मेगा, मिली, नॅनो वगैरे. २०२२ पासून त्यांची संख्या चोवीस झाली आहे. या चोवीसांपैकी तेवीसजण रोमन लिपीतल्या अक्षरांवर भागवतात. एकटा मायक्रो, म्हणजे दहा लाखावा हिस्सा, ग्रीक अक्षर वापरतो. त्याचंही आद्याक्षर एमच. पण एकोणिसाव्या शतकात त्याची पाळी आली तेव्हा धाकटा एम मीटरने आणि मिलीने अडवला होता आणि मोठा एम मेगाकडे गेला. शेवटी ग्रीकांकडचा एम, म्हणजे म्यू, आणावा लागला. कायम पद रिकामं नाही म्हणून बाहेरून माणूस मागवायचा आणि मग तो कामाला बरा दिसला की जिल्ह्यातल्या सगळ्या रिकाम्या खुर्च्यांचा अतिरिक्त कार्यभार त्याच्याच गळ्यात मारायचा, ही आपल्या कचेऱ्यांतली पद्धत विज्ञानाने तेव्हापासून या एका अक्षराच्या बाबतीत चोख पाळली आहे.

कार्यभाराची यादी मोठी आहे आणि ती पूर्ण देण्यात अर्थ नाही. अकरावीच्या मुलाला म्यू पहिल्यांदा भेटतो तो घर्षणगुणांक म्हणून. उतरत्या फळीवर ठोकळा ठेवलेला असतो, तो घसरेल की नाही हे म्यू ठरवतो. तोच मुलगा प्रकाशाच्या धड्यात जातो, तिथे जुन्या पुस्तकांत काचेचा अपवर्तनांकही म्यूच. चुंबकत्वात गेला की पार्यता म्यू. रसायनशास्त्रात एक पोटेन्शियल म्यू. सांख्यिकीत अख्ख्या समूहाची सरासरी म्हणजे म्यू. संख्यासिद्धांत नावाच्या आणखी आतल्या खोलीत मोबियसचं एक फलन आहे, तेही म्यू, आणि त्याची उत्तरं फक्त एक, शून्य किंवा उणे एक एवढीच येतात, जी आपल्याकडच्या बऱ्याच अर्जांच्या निकालांपेक्षा स्पष्ट आहेत. मग आकाशातून येणारा म्यूऑन नावाचा कण. विश्वकिरण हवेच्या वरच्या थरांवर आदळले की तो जन्माला येतो, वजनाने इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट, बाकी सगळ्या बाबतींत त्याचा भाऊ शोभेल असा. १९३६-३७ च्या सुमारास तो सापडला तेव्हा निसर्गाला याची गरज काय होती हेच कुणाला कळेना. हा कुणी मागवला, असं इसिडोर राबी या भौतिकशास्त्रज्ञाने विचारल्याचं प्रसिद्ध आहे. उत्तर नीटसं अजूनही मिळालेलं नाही, पण म्यूऑन येतच असतात. हिंगणघाटच्या यार्डात कापसाच्या भावाची वाट पाहत कुणी हात पसरून बसला असेल, तर त्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन जातो. सरकारी खरेदी केंद्र बंद असलेल्या दिवशीसुद्धा जातो. त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे म्यूचं आयुष्यही म्यूनेच मोजावं लागतं.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो बहुतेक गणिताच्या शिक्षकांचा असतो. एकाच अक्षराला दहा अर्थ दिले तर मुलांचा गोंधळ होणार नाही का? शास्त्राने शास्त्रासारखं वागावं, दर गोष्टीला एक चिन्ह आणि दर चिन्हाला एक गोष्ट. ऐकायला हे चोख वाटतं, पण गोंधळ झाल्याचा पुरावा दाखवा म्हटलं तर मिळत नाही. ठोकळा फळीवरून घसरण्याचं गणित सोडवताना आपण काचेचा अपवर्तनांक घातला, असं उत्तर आजवर कुठल्या पेपरात आलं असेल असं वाटत नाही. मुलं बाकी शेकडो चुका करतात, ही करत नाहीत. कारण म्यू कधी एकटा उभा नसतो. शेजारी ठोकळ्याचं वजन आहे की प्रकाशाचा वेग आहे की ग्रॅम आहे, यावरून तो आज कुठल्या खात्याची फाइल घेऊन बसला आहे ते उघड होतं. आणि एका अक्षरावर अनेकांचं काम टाकायचा प्रयोग वर्ध्याला परका नाही. १९३६ मध्ये इथे राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. त्याच सुमारास काका कालेलकरांनी लिपीसुधारणेचा पुरस्कार केला, त्यात इ, ई, उ, ऊ, ए, ऐ या सगळ्यांना घरी बसवून त्यांचं काम एकट्या अला द्यायचं होतं: अला वेलांटी दिली की इ, उकार दिला की उ. इतिहास असा अितिहास झाला, उपयोगाचा अुपयोग झाला आणि त्या पद्धतीची पुस्तकं छापलीही गेली. वाचणाऱ्यांना अर्थ कळण्यात काही अडचण आली नाही, अडचण डोळ्यांची झाली. लोकांना ते बघवेना. म्यूच्या बाबतीत कुणाचे डोळे दुखले नाहीत, कारण म्यू मुळात कुणी बघितलाच नव्हता.

अनेक कामं एकाच अक्षराकडे असण्याचा फायदा काय, हे सेवाग्रामच्या चरख्यावर फार छान दिसतं. मोठं चाक फिरतं, त्याच्यावरून दोऱ्याची माळ चातीपर्यंत गेलेली असते आणि चाती गरगर फिरून पेळूतून सूत ओढून घेते. आता ही माळ चातीला फिरवते कशाच्या जोरावर? ती तिला बांधलेली नसते, खिळलेली नसते, नुसती बिलगलेली असते. माळेच्या एका बाजूचा ताण दुसऱ्या बाजूपेक्षा किती जास्त होऊ शकतो, हे घर्षणगुणांक म्यू आणि माळ चातीभोवती किती कोनातून वळली आहे, या दोहोंच्या गुणाकारावर ठरतं, आणि तेही घातांकाने, म्हणजे चक्रवाढीच्या चालीने. वेढा थोडा वाढवला तरी पकड भराभर वाढते. माळ सरकायला लागली की कातणारा तिला राळ चोळतो. आणि त्याच चरख्यात, वीतभर अंतरावर, चाती जिथे टेकलेली असते तिथे तो तेलाचा थेंब सोडतो. एकीकडे म्यू वाढवायचा, दुसरीकडे घटवायचा, दोन्ही एकाच बैठकीत आणि एकाच माणसाने. हे ज्याला हाताला कळलं त्याला सूत्राची गरज नव्हती, हे खरं. पण सूत्र समजलं की एक गोष्ट लक्षात येते: गांधीजी १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले, दोन वर्षांनी मगन संग्रहालय उघडलं, तिथे तऱ्हेतऱ्हेचे चरखे मांडले गेले, त्या सगळ्या चरख्यांत बदलत गेलेल्या गोष्टींत चाकाचा आकार, वेढ्याचा कोन आणि दोऱ्याचा खडबडीतपणा याही होत्या. स्वावलंबनाच्या त्या एवढ्या खटाटोपात घर्षण तेवढं कुणाला घरी तयार करावं लागलं नाही, ते आयतंच मिळालं.

सरासरीचा म्यू मात्र तितका गुणी नाही. वर्धा जिल्ह्यात वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो, असं म्हणतात. असा पाऊस कुणाच्याही शेतावर कधी पडलेला नाही. शेतावर पडतो तो एक तर जूनमध्ये तोंड दाखवून पळालेला, नाहीतर जुलैत तीन दिवस मुक्कामाला बसून धुऱ्यासकट सोयाबीन घेऊन गेलेला. हवामान खात्याच्या भाषेत दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे सर्वसाधारण. चार महिन्यांचा कोटा चार झडींत पुरा झाला तरी बेरीज तीच येते आणि म्यू समाधानी राहतो. सांख्यिकीवाल्यांना हे ठाऊक असतं, म्हणून ते म्यूच्या जोडीला सिग्मा देतात, म्हणजे सरासरीपासून प्रत्यक्षातला पाऊस किती भरकटतो त्याचं माप. बातमीत मात्र फक्त म्यू येतो. सिग्मा शेतकऱ्याच्या वाट्याला येतो.

आता दुसरा आक्षेप, आणि तो वर्ध्यातून येणं साहजिक आहे. ग्रीक कशाला? ज्या गावात राष्ट्रभाषा प्रचार समिती आहे, १९९७ पासून हिंदीचं आंतरराष्ट्रीय विश्वविद्यालय आहे, ज्याच्या शेजारी पवनारला विनोबांसारखा गणितावर जीव असलेला माणूस बसून सगळ्या भारतीय भाषांसाठी नागरी लिपीचा आग्रह धरत होता, तिथे घर्षणाला घ आणि सूक्ष्माला सू का नाही? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्याचं उत्तर खरोखर कुणीतरी करून पाहिलं आहे. वर्धा मध्यप्रांतात होतं त्या काळात डॉ. रघुवीर नागपूरला बसून विज्ञानाची अखंड परिभाषा संस्कृतातून घडवत होते. ऑक्सिजन जारक झाला, हायड्रोजन उदजन झाला, नायट्रोजन भूयाति झाला. कल्पकता दांडगी होती, मेहनत त्याहून दांडगी. पण प्रयोगशाळेतल्या सिलिंडरने आपलं नाव बदललं नाही. पुढे १९६१ मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक आणि तांत्रिक परिभाषेसाठी आयोग नेमला, त्याने तोडगा काढला तो मोठा व्यवहारी होता. भूमितीच्या आकृतीत अ, ब, क खुशाल घाला. पण त्रिकोणमितीच्या सूत्रांत अक्षरं रोमन आणि ग्रीकच राहतील. म्हणजे त्रिकोण आपला, त्याच्या बाजू आपल्या, कोपऱ्यांवरची नावं आपली. कोनाचा हिशेब सुरू झाला की कारभार अथेन्सकडे. विनोबांचं म्हणणंही नागरीसुद्धा असं होतं, फक्त नागरी असं नव्हतं, हे लक्षात घेतलं तर त्यांचा आणि म्यूचा झगडा लागायचं कारण उरत नाही. सूत्रातलं अक्षर वाचायचं नसतं, ओळखायचं असतं, आणि सेलूच्या मुलाला आणि सोलच्या मुलाला ते एकच ओळखता येणं हा त्याचा एकमेव आणि पुरेसा उपयोग आहे.

तेव्हा म्यूला कामं फार आहेत ही तक्रार टिकत नाही आणि तो परका आहे ही तक्रारही टिकत नाही. तक्रार करायचीच असेल तर ती वेगळी आहे. तो जिथे आपल्या खिशाला आणि जिवाला हात घालतो, नेमका तिथे तो बुरखा घेऊन येतो.

भाजीबाजारातली पिशवी घ्या. मायक्रॉन हा शब्द आज ज्याच्या तोंडी नाही असा भाजीवाला सापडणार नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी पिशवीची किमान जाडी आधी ७५ मायक्रॉन केली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन. त्याच्याही आधी, मार्च २०१८ मध्ये, महाराष्ट्राने प्लास्टिकच्या पिशव्यांवरच बंदी घातली होती. म्हणजे आपल्याकडे जी पिशवी असायलाच नको तिची जाडी किती असावी याची माहिती सगळ्यांना आहे. आता गंमत अशी, की मायक्रॉन हे एकक अस्तित्वातच नाही. मीटरच्या दहा लाखाव्या भागाला पूर्वी मायक्रॉन म्हणत आणि त्याची खूण म्हणून नुसता म्यू लिहीत. १९६७-६८ च्या तेराव्या आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेने हे नाव आणि ही खूण दोन्ही रद्द केली. कारण नोंदवलं, की म्यू आता उपसर्ग झाला आहे; म्हणजे एकक म्हणून त्याला स्वतंत्र उभं राहता येणार नव्हतं. एका ठरावात त्याचं स्वतंत्र कार्यालय गेलं. तरी भारताच्या राजपत्रात तो मायक्रॉन म्हणूनच छापला जातो, नगरपालिकेचं पथक त्याच्याच नावाने दंड करतं, आणि ठेलेवाला पिशवी अंगठा-तर्जनीत चोळून, कानाशी नेऊन, तिच्या चरचरण्यावरून सांगतो, “भाऊ, बिनधास्त न्या, वरचीच हाये.” १२० मायक्रॉन म्हणजे माणसाच्या सर्वसाधारण केसाच्या जाडीपेक्षा जास्त. हे मोजायचं यंत्र त्याच्याजवळ नाही. पिशवी घेणाऱ्याजवळ नाही. जो आकडा ज्याला मोजता येत नाही त्याच्यावर त्याला दंड होतो, ही एवढी एकच बाब म्यूने पुढे येऊन स्पष्ट करायला हवी होती.

औषधाच्या दुकानात बुरखा आणखी जाड होतो, आणि तिथे निदान त्याला कारण आहे. थायरॉईडची गोळी पंचवीस, पन्नास, शंभर अशा मापांत मिळते आणि घेणारे तिला पन्नासची गोळी असंच म्हणतात. पन्नास काय, हे विचारायची वेळ येत नाही. ते मायक्रोग्रॅम असतात. शास्त्राप्रमाणे तिथे म्यू आणि जी छापायला हवं, पण पाकिटावर एमसीजी असतं. कारण घाईत हाताने काढलेला म्यू एमसारखा दिसतो, आणि मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम झाला की मात्रा हजार पट होते. पन्नासच्या एका गोळीऐवजी हजार गोळ्या. म्हणून औषधांच्या सुरक्षिततेचा विचार करणाऱ्यांनी सांगून ठेवलं आहे, की म्यू लिहूच नका. संगणकाने तर हा धोका छापील अक्षरातही आणला. जुन्या चिन्हांच्या फॉण्टमध्ये एमची कळ दाबली की पडद्यावर म्यू उमटायचा. फाइल दुसऱ्या यंत्रावर गेली, तिथे तो फॉण्ट नसला, की म्यूचा पुन्हा निमूट एम होई. मराठीत श्रीलिपीची किंवा कृतिदेवची फाइल फॉण्टाशिवाय उघडली तर जे काही दिसतं ते पाहून शिपाईसुद्धा सांगेल की काहीतरी बिघडलं आहे. इथे मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम होतो, आणि मिलिग्रॅम हा शब्द पूर्ण शुद्ध, सुवाच्य आणि सभ्य आहे. युनिकोडने हा प्रश्न मिटवला खरा, पण तिथेही या अक्षराच्या दोन स्वतंत्र नोंदी झाल्या, एक ग्रीक वर्णमालेतला म्यू म्हणून आणि एक मायक्रोची खूण म्हणून. दिसायला दोन्ही सारखे. साध्या शोधयंत्रात एक शोधला तर दुसरा सापडेलच असं नाही. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मोठी रुग्णालयं असलेल्या जिल्ह्यात म्यू खिडकीआड राहिला आणि एमसीजी पुढे आला, याबद्दल त्याच्या बाजूने भांडायची माझी तयारी नाही. इथे त्याने नाव लपवलेलंच बरं.

कापसाचं तसं नाही. कापसाच्या प्रतीत म्यूने घेतलेलं नाव आहे मायक्रोनेअर. हे माप म्हणजे तंतू किती बारीक आहे याचा अंदाज, आणि ते काढायची पद्धत पाहण्यासारखी आहे. ठरावीक वजनाची रुई ठरावीक आकाराच्या डबीत कोंबतात आणि तिच्यातून हवा सोडतात. तंतू बारीक असेल तर तेवढ्याच वजनात तंतूंची संख्या जास्त, अंगाचा पृष्ठभाग जास्त, म्हणून हवेला अडथळा जास्त. हवा सहज गेली तर तंतू जाडाभरडा. आकडा वाचायचा तो एका इंच तंतूचं वजन किती मायक्रोग्रॅम, असा. मायक्रोग्रॅम फ्रेंचांच्या घराण्यातला, इंच इंग्रजांच्या. अमेरिकनांनी १९४० च्या दशकात दोघांची सोयरीक लावली आणि ती अजून टिकून आहे. पुढे लक्षात आलं की हवेचा अडथळा आणि तंतूचं वजन यांचं नातं काही सरळ रेषेत जात नाही. तेव्हा आकडा तसाच ठेवून एकक तेवढं सोडून देण्यात आलं. आज मायक्रोनेअर ४ म्हणजे फक्त ४. त्याहून मोठी अडचण अशी, की आकडा कमी येण्याची कारणं दोन. तंतू जातीचाच बारीक असेल, किंवा बोंड पुरतं भरण्याआधीच फुटल्यामुळे तंतू कच्चा राहिला असेल. पहिल्यातून चांगलं तलम सूत निघतं. दुसऱ्यात गाठी पडतात आणि रंग नीट चढत नाही. हवा दोन्हींना सारखीच अडते. म्हणजे इथे एक आकडा बारीकपणाचं खातंही सांभाळतो आणि पिकलेपणाचंही, आणि शेजारी ग्रॅम किंवा ठोकळा अशी खूण नसल्यामुळे आज तो कुठल्या खात्यातर्फे बोलतो आहे हे त्याच्या तोंडावरून कळत नाही. अतिरिक्त कार्यभार शेजारामुळे निभावतो, असं मी वर म्हटलं; हा शेजार नसलेला नमुना.

आता हा आकडा कुणाला लागतो? सरकारला लागतो. २०२५-२६ च्या हंगामात केंद्राने कापसाला क्विंटलमागे मध्यम धाग्यासाठी ७,७१० आणि लांब धाग्यासाठी ८,११० रुपये हमीभाव दिला. लांब धागा कशाला म्हणायचं, तर धाग्याची लांबी २९.५ ते ३०.५ मिलिमीटर आणि मायक्रोनेअर ३.५ ते ४.३. लांबीचं कलम शेतकऱ्याला समजतं. यार्डात ग्रेडर गाडीत हात खुपसतो, मूठभर कापूस काढतो, दोन्ही अंगठ्यांत धरून हलक्या हाताने ओढत तंतू सरळ करतो, काळ्या बाहीवर ठेवून पाहतो. हे दिसतं, त्यावर हुज्जत घालता येते. ओलाव्याचं यंत्रही दिसतं; त्याची सळई गाडीत नेमकी कुठे खुपसली यावरून तर अख्खा बाजार गोळा होतो. फरदड (खोडव्याचा कापूस) आहे की कवडी (किडका कापूस) आहे हे डोळ्यांना दिसतं. मायक्रोनेअर दिसत नाही, हाताला लागत नाही आणि त्यावर भांडणही होत नाही. तो सूचनेत असतो, नियमात असतो, पुढे गाठी बांधल्या की गिरणीच्या प्रयोगशाळेत असतो. ज्या पट्टीवर शेतकऱ्याचा माल कुठल्या खणात जाईल ते ठरतं, तिच्यावरचा एक आकडा त्याच्या हातातल्या पावतीवर नसतो.

यावर तिसरा आक्षेप, व्यापाऱ्यांचा. ते म्हणतील, हिंगणघाटच्या कापसाचं नाव एकोणिसाव्या शतकात पार विलायतेच्या बाजारात चालत होतं, १८६७ मध्ये आगगाडी वर्ध्यावरून नागपूरला पोचली ती बऱ्याच अंशी या रुईच्या ओढीने, मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कर्नाक नावाचा खास कापूस आयुक्त नेमला गेला, आणि या सगळ्यात म्यू कुठे होता? बोटांनी परीक्षा होत होती आणि ती चुकत नव्हती. खरं आहे. पण बोटं ज्याची, परीक्षा त्याची. बोटांनी केलेल्या परीक्षेवर अपील चालत नाही, आकड्यावर चालतं. आपला कापूस बारीक आहे म्हणून आकडा खाली आला की कच्चा आहे म्हणून, एवढा एक प्रश्न विचारण्यापुरता तरी आकडा दिसला पाहिजे. शेतकऱ्याला काय कळतंय मायक्रोनेअर, असं कुणी म्हणेल तर त्याने भाजीबाजारात एक फेरी मारावी; ज्या पेठेने रद्द झालेला मायक्रॉन पचवला तिला मायक्रोनेअर जड जायचं कारण नाही.

उलट मायक्रो म्हणजे किती हे कळेनासं झालं आहे ते वरच्या मंडळींना. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योग म्हणजे अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला उद्योग. मायक्रो म्हणजे दहा लाखावा हिस्सा हे खरं धरलं, तर ज्या मूळ उद्योगाचा हा सूक्ष्म आहे त्याची गुंतवणूक पंचवीस लाख कोटी होते. निवडणुकीत मतदान केंद्रावर सूक्ष्म निरीक्षक बसतो, तो चांगला पूर्ण वाढ झालेला माणूस असतो आणि चहाही पूर्ण घेतो. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तेरा लाखांच्या आसपास होती. त्या हिशेबाने तुम्ही-आम्ही प्रत्येकजण जिल्ह्याचे पाऊण मायक्रो. शब्द असा सैल वापरला तरी निवडणूक पार पडते आणि उद्योगाला कर्जही मिळतं, पण कापसाच्या ३.५ आणि ३.४ मध्ये खण बदलतो. तेव्हा मागणी एवढीच, की खरेदीच्या पावतीवर वजन, ओलावा आणि धाग्याची लांबी यांच्याखाली मायक्रोनेअरची एक ओळ असावी, आणि मोजलं नसेल तर मोजलं नाही असं तिथे लिहावं. त्या ओळीत ग्रीक अक्षर कसं आणायचं, फॉण्ट कुठला वापरायचा, म्यूचा एम होईल का, याची काळजी छापखान्याने करू नये. आकड्यापुढचं एकक केव्हाच सोडून दिलेलं आहे. नुसतं ४ छापलं तरी चालतं.